आत्याचं डांगर आणि आमचे मुके उपचार

आमच्या घरात आजवर सर्वांत जास्त औषधं कुणी घेतली असतील, तर ती डांगराच्या वेलाने. माझी रक्तदाबाची गोळी, माझ्या बायकोची, सुनंदाची, थायरॉईडची गोळी आणि दोघांची मिळून गुडघ्यांची तेलं, हे सगळं एकत्र केलं तरी त्या वेलाच्या पासंगाला पुरणार नाही. आणि तरीही तो जगला! आजही त्याची आठवण झाली की माझे हात आपोआप जोडले जातात.

हा वेल आमच्याकडे आला पुणतांब्याच्या आत्यामुळे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची एकुलती एक बहीण. वय ऐंशीच्या घरात, आवाज अजून विशीतला. तिच्या गोठ्यावर दर पावसाळ्यात डांगराचा (पुण्याकडचे लोक ज्याला लाल भोपळा म्हणतात, त्याचा) वेल चढायचा. त्याचं बी तिच्या आईने लग्नानंतर माहेराहून आणलेलं. दर साली त्याच फळाचं बी राखेत घोळायचं, फडक्यात बांधायचं आणि आढ्याला टांगायचं, असा शिरस्ता. गेल्या साली उन्हाळ्यात त्या फडक्याचा पत्ता उंदरांना लागला. मूठभर बी उरलं. आत्याच्या गुडघ्यांनी तर त्याआधीच राजीनामा दिला होता. मग ती एसटीत बसून सावेडीला आमच्या घरी आली आणि पुरचुंडी सुनंदाच्या हातात ठेवली. मी शेजारीच उभा होतो, पण माझ्या हाताकडे तिने पाहिलंही नाही.

"एवढंच हाय बघ," आत्या म्हणाली. "हे गेलं की माझ्या आयचं माह्यार गेलं."

 वर तिने दोन नियम घालून दिले. पहिला नियम, वेलाला बोट दाखवायचं नाही. बोट दाखवलं की कोवळं फळ सडतं. दाखवायचंच असलं तर मूठ वळून दाखवायचं, नाहीतर हनुवटीने. हा नियम मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. दुसरा मात्र नवा होता. वेलाजवळ रोगाचं नाव काढायचं नाही. "नाव काढलं की रोगाला वाटतं, आपल्याला बोलावत्यात. इलाज करायचा तो मुक्यानं," आत्याने बजावलं आणि परतीची गाडी धरली.

मूठभर बियांतून उगवलं एकच. पण काय उगवलं! डांगराचा वेल वाढताना मी आयुष्यात पहिल्यांदा जवळून पाहत होतो आणि खरं सांगतो, थोडा घाबरलो. संध्याकाळी कुंपणापाशी असलेला शेंडा सकाळी पायरीवर बसलेला असायचा. वेलाचे ते दोऱ्यासारखे तणावे हाताला लागेल ते धरायचे. एकदा सुनंदाची स्कूटी दोन दिवस दारात उभी राहिली, तर वेलाने तिचा आरसा धरला. तो सोडवताना सुनंदा त्याची समजूत काढत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज त्याने आपले मानले, मग आमच्या झोपायच्या खोलीचे. मुख्य शेंडा पाइपाला धरून वर कुठेतरी निघून गेला. गच्चीत पावसाळ्यात शेवाळं धरतं आणि मी त्यावर एकदा आपटलो होतो, तेव्हापासून सुनंदाने गच्चीच्या दाराला कुलूप घातलं होतं. त्यामुळे वर काय चाललंय हे कुणी पाहायला गेलं नाही.

आणि एके सकाळी मला पानांवर पांढरे डाग दिसले.

इथे माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मी जन्मभर पॅथॉलॉजी लॅब चालवली. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी काचेवर घेऊन पाहिली, आकडे लिहिले, सही केली. पण निदान? ते डॉक्टरांनी करायचं. रिपोर्ट हातात घेऊन पेशंट विचारायचा, "साहेब, मला काय झालंय?" आणि मी म्हणायचो, "डॉक्टरांना दाखवा." हे वाक्य म्हणून म्हणून माझी जीभ झिजली होती. निवृत्त होताना एकच इच्छा उरली होती, की एकदा तरी कुणाला तरी नुसत्या नजरेने पाहून सांगावं, तुला हे झालंय. पानावरचे पांढरे डाग पाहिले आणि माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. मी मनातल्या मनात (नियमाप्रमाणे!) निदान केलं. भुरी.

भुरी म्हणजे पानावर पिठासारखी पसरणारी बुरशी. तिच्यावर घरगुती इलाज आंबट ताकाचा, हे मला माहीत होतं. लॅबमधला मायक्रोस्कोप कपाटात पडून होता, पण तो काढणं म्हणजे आपल्याच नजरेवर अविश्वास दाखवणं. मोठे डॉक्टर पापणी ओढून सांगतात की नाही? मी सुनंदा देवपूजेला बसलेली पाहून फ्रीजमधलं ताक पाण्यात मिसळलं आणि पंपाने वेलाला अंघोळ घातली. वाच्यता केली नाही. मुका इलाज!

दुपारपर्यंत ताक वाळलं आणि पानापानावर पांढरे ओघळ उमटले. ते पाहिले सुनंदाने. तिच्या माहेरी अशा वेळी वेलावर राख मारायची पद्धत. पावसाळ्यात आमचा सोलर नुसता शोभेला असतो, म्हणून परसात बंब पेटतो, त्यामुळे राखेला तोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे, पानांवर दव असताना, तिने सुपाने राख उधळली. तिनेही कुणाला सांगितलं नाही. मी उठून पाहतो तर वेल अंगाला भस्म फासून बसलेला! मला वाटलं, माझी भुरी एका रात्रीत फोफावली.

निदान पोटात ठेवायची माझी कामावरची सवय नडली असं मी म्हणणार नाही, पण आम्ही बोललो असतो तरी बरंच टळलं असतं. वेलाजवळ बोलायची बंदी होती आणि वेल तर घराच्या प्रत्येक खिडकीत कान लावून उभा होता. त्या दिवशी आम्ही दोघं वेलासमोर उभे राहिलो. सुनंदाने हनुवटी उडवली.

"ते बघितलंत का?" तिने विचारलं.

"कधीच बघितलं," मी म्हणालो.

"मग काळजी करू नका. चाललंय माझं."

मला वाटलं, बाई नवस वगैरे बोलली असेल. तिला वाटलं, मी राख ओळखली आणि पसंत केली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हनुवटीची भाषा आपल्याला समजते, हा एक फार मोठा गैरसमज असतो.

तिसऱ्या डॉक्टर आमच्या सूनबाई. पूजा घरूनच कंपनीचं काम करते. खिडकीतून तिला राखाडी पानं दिसली. तिने मोबाईलवर फोटो काढला, रोग ओळखणाऱ्या अ‍ॅपला दाखवला. अ‍ॅपने राखेला भुरी ठरवलं आणि खायचा सोडा नि साबणाचं पाणी मारायला सांगितलं. पूजाने सोडा जरा सढळ हातानेच घातला (तिच्या हातची भजीही अशीच फुलतात) आणि भर दुपारी फवारला. उन्हात पानांच्या कडा करपल्या. मधे मधे पिवळे ठिपके पडले. तिने घाबरून ही गोष्ट पोटात ठेवली.

पिवळे ठिपके पाहून मी हरखलो. म्हणजे वाईट वाटलं, पण हरखलोही. भुरीपाठोपाठ केवडा! केवड्यात पानाच्या शिरांमध्ये पिवळे डाग पडतात, हे मी कृषी सेवा केंद्रात उभ्या उभ्या एका पाकिटावर वाचलं होतं. एकाच पेशंटला दोन रोग आणि दोन्ही मी ओळखलेले. त्यावर मारायला मी निळा मोरचूद आणि चुना आणला, कालवला आणि फवारला. वेल निळा झाला. निळा वेल पाहून सुनंदा हादरली. विष भिनलं की अंग निळं पडतं, एवढं तिला ठाऊक होतं. तिने हळद आणि हिंग कढवून गार केलं आणि पानन् पान पुसलं. निळ्यावर पिवळं बसल्यावर काय होतं ते शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आमच्या पानांवर हिरवट, पिवळट, निळसर अशी गोधडी तयार झाली.

आणि मग मी तिसरं निदान केलं. ते करताना मला आनंद झाला नाही. हिरव्या-पिवळ्या ठिगळांची पानं, आकसलेल्या कडा, म्हणजे मोझॅक. विषाणूचा रोग. त्यावर औषध नाही. वेल मुळासकट उपटायचा आणि जाळायचा, एवढाच इलाज. आत्याच्या आईचं माहेर माझ्या हाताने उपटायचं होतं. त्यातच पुणतांब्याहून फोन आला, की आत्या रविवारी वेल बघायला येतेय.

त्या शनिवारी मला जेवण गेलं नाही. मी घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, सुनंदा आणि पूजाला मधल्या खोलीत बोलावलं आणि हलक्या आवाजात निकाल सांगितला. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. पूजा चटईकडे बघत बसली. मग सुनंदा म्हणाली, "आत्याबाईंना नुसतं तोंडी सांगून पटायचं नाही. काहीतरी पुरावा लागेल."

पुरावा! तेव्हा कुठे मी मायक्रोस्कोप काढला. पानावर चिकटपट्टी दाबली, उचलली, काचेवर लावली आणि डोळा टेकवला. 

काचेवर मला सर्वांत आधी दिसले ते माझे जुने ओळखीचे. ताकातले जिवाणू, काड्यांसारखे. जन्मभर जिवाणू पाहिलेत, त्यांना कसा विसरेन? त्यांच्या बाजूला काळे-करडे टोकदार खडे. त्यावर साबणाचा सुकलेला पापुद्रा. निळे कण. हळदीच्या पिवळ्या गाठी. मी एकेक नाव मोठ्याने वाचत गेलो.

"ताक आणि मोरचूद माझं," मी म्हणालो.

"राख आणि हळद माझी," सुनंदा म्हणाली.

पूजाने मान वर केली नाही. "साबण," ती पुटपुटली. "आणि सोडा."

मी पट्टी इकडेतिकडे सरकवत राहिलो. बुरशीचा एक धागा नाही. त्या पानावर रोग सोडून सगळं होतं. विषाणू माझ्या यंत्रात दिसत नाही हे मला कळत होतं, पण आता ती गोधडी कुणी शिवली तेही कळलं होतं. मग मी पानाची पातळ साल सोलून काचेखाली घेतली. पानाला तोंडं होती. बारीक, ओठ असलेली, अर्धवट उघडी तोंडं, हजारांनी. बाजूला काचेच्या सुयांसारखे स्वच्छ केस. आत हिरवे दाणे, रांगेत लावलेले. आम्ही चौफेर राख, साबण, मोरचूद ओतत होतो आणि हे पान आतल्या आत आपलं काम करत होतं. मी आयुष्यभर माणसं तपासली, पण जिवंतपणाचं असं काही पाहिलं नव्हतं. मी सुनंदाला दाखवलं, पूजाला दाखवलं. सुनंदाने बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाली, की एवढी तोंडं असून एकानेही तक्रार केली नाही.

पण एक कोडं उरलं होतं. मला सर्वांत आधी दिसलेले पांढरे डाग कशाचे? ते तर ताकाच्या आधीचे. आम्ही तिघं टॉर्च घेऊन बाहेर गेलो. कालपरवा उलगडलेलं एक कोवळं पान सापडलं, ज्याच्यावर कुणाचाही हात पडलेला नव्हता. त्यावरही तेच डाग, अगदी शिरांच्या कोपऱ्यांत, नेमाने मांडलेले. मी ओल्या बोटाने पुसलं. पुसलं जाईना. डाग पानावर नव्हतेच. ते पानाच्या आत होते, जन्मापासून, चांदीच्या वर्खासारखे. ते त्या जातीचं रूप होतं. मी त्या रूपालाच रोग म्हणून ताक पाजत होतो!

रविवारी आत्या आली. गुडघे धरत वेलापाशी गेली आणि खुर्ची मागवून बसली. पदराने एक पान पुसलं, पदर निळा झाला. तिने माझ्याकडे पाहिलं, पण त्या निळ्याबद्दल काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, की फळं किती धरलीत. सुनंदाने खरं ते सांगितलं. फुलं येत होती आणि गळत होती. एकही फळ आम्ही पाहिलं नव्हतं.

"शेंडा कुठं गेलाय?" आत्याने विचारलं.

आम्ही तिघांनी वर पाहिलं. सुनंदाने कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

गच्चीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकलो. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत नुसती पानं. ताटाएवढी, हिरवीगार, प्रत्येकावर ती चांदी झळकत होती. एक कड करपलेली नाही, एक ठिपका नाही. पिवळ्या फुलांत मधमाश्या गुणगुणत होत्या. आणि टाकीच्या बुडाशी, शेवाळात, एक डांगर बसलं होतं. तांबूस, फाकाफाकांचं, माझ्या मिठीत मावणार नाही एवढं. देठ वाळायला आला होता. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. डोळे भरून आले, लाज कसली. जिथवर आमचा पंप पोचत होता तिथवर वेल आजारी होता आणि जिथे आमचा हात संपला तिथून तो ठणठणीत होता.

खाली येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. फळाचंही आणि पांढऱ्या डागांचंही, की तो रोग नाही, ती जातच तशी. आत्याचा चेहरा बदलला.

"म्हंजी भुरी न्हाई ती?" तिने वेलासमोरच नाव काढलं.

"नाही आत्या. जन्मजात आहे."

"अरं, माझ्या आयनं जलमभर राख मारली त्याच्यावर. मीबी मारली. मला वाटायचं, आमचा हातच कमी पडतुया."  मग ती हसायला लागली, गदगदून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "इतक्या वर्सांत आमी त्याला वाचवलं न्हाई, दिगू. त्यानंच आमाला सोसलं."

डांगर चिरायची वेळ आली तेव्हा विळी माझ्याकडे आली, कारण अख्खं डांगर पहिल्यांदा पुरुषाने चिरायचं, अशी रीत. घारगे झाले, भाजी झाली, शेजाऱ्यांना फोडी गेल्या. बी निघालं सूपभर. आत्याने ते स्वतः वाळवलं, राखेत घोळलं, झाकणाच्या डब्यात भरलं आणि जाताना कडेवर लेकरू घ्यावं तसा डबा घेऊन गाडीत बसली. तिच्या आईचं माहेर सुखरूप पुणतांब्याला परत गेलं. मला तिने चिमूटभर बी ठेवलं. "शिकायला," म्हणाली.

ते मी यंदा लावलं. पंपाला हात लावायचा नाही, अशी शपथ घेऊन. वेल चढला, पानं आली आणि पावसाची उघडीप पडताच चांदी दिसू लागली. गेल्या सालापेक्षा कितीतरी जास्त! पानं तर पार पांढरीशुभ्र. मी भारावून गेलो. सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना चहाला बोलावलं, वेलासमोर उभं केलं आणि समजावून सांगितलं, की अज्ञानी माणूस याला रोग समजतो. फोटो आत्याला पाठवले. जवळजवळ महिनाभर आमच्या दारात वेलाचं दर्शन चालू होतं.

मग एके सकाळी पूजाने सहज एका पानावरून बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बोट पिठात बुडवल्यासारखं पांढरं झालं होतं. मी धावत जाऊन मायक्रोस्कोप काढला. काचेखाली बुरशीच्या पारदर्शक मण्यांच्या माळाच माळा उभ्या होत्या, इतक्या देखण्या की मला डोळा काढवेना.

अस्सल भुरी. सगळ्या आयुष्यात एकदाच माझ्या दारी आली आणि तिला मी महिनाभर पाहुणे बोलावून, चहा पाजून, हात जोडून दाखवत होतो.